उसनं पाणी

१४ एप्रिल

पोचले एकदाची! मिनेसोटातून निघाले तेव्हा गाडीच्या काचेवर बर्फ होता. इथे सेगो फेरी या गावात उतरल्याबरोबर पहिलं काम काय केलं, तर अंगातले दोन्ही स्वेटर काढून मागच्या सीटवर भिरकावले. गाव एवढंसं आहे. एक पेट्रोल पंप, एक मोटेल, एक चर्च, हंगाम नाही म्हणून बंद असलेल्या टरबुजांच्या टपऱ्या, आणि नदी. नदीचं नाव ग्रीन, पण रंग दूध जास्त झालेल्या कॉफीचा. चहूकडे लाल खडक, आणि ऊन असं की पिळलेला टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळायला लागतो.

होड्या भाड्याने देण्याचं दुकान ड्रू पेक्टलचं. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. तिने माझे तळहात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली की हात तर वल्हं मारणाऱ्याचे दिसतात, तोंड किती चालतं ते हळूहळू कळेलच. तिचा भाचा रुलॉन पन्नाशीचा आहे. प्रवाशांच्या गाड्या आणि होड्या ट्रेलरवरून इकडच्या तिकडे नेणं हे त्याचं काम, आणि वाटेत त्यांना घाबरवणं हा त्याचा छंद. मी हंगामभर होड्या धुवायच्या, पट्टे शिवायचे, गिऱ्हाइकांना लाइफ जॅकेट चढवायची. बदल्यात पगार, दुकानामागचं पत्र्याचं घर, आणि मे महिन्यात आम्हा दोघी बहिणींसाठी एक होडी फुकट.

हे सगळं मारिटसाठी. गेलं वर्षभर तिची केमो चालू होती. इस्पितळाच्या खोलीत सगळे जण फुलांची चित्रं लावतात, हिने पलंगासमोर या नदीचा नकाशा चिकटवला होता. पाच दिवस, चार रात्री, मध्ये ना गाव ना रस्ता, आणि शेवटी ग्रीन जिथे कोलोरॅडो नदीला मिळते तिथून मोटरबोट आपल्याला घेऊन येते. केस परत आले की जायचं, असं ती दर सलाईनला म्हणायची. केस आलेत. डॉक्टर जा म्हणालेत. दहा मेला ती येतेय.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण आनंद पोटात मावत नाहीये. लहानपणापासून मारिट मागे बसणार आणि होडी वळवणार, मी पुढे बसून नुसतं वल्हं ओढणार. ती मला इंजिन म्हणते. चल, इंजिन! पण शस्त्रक्रियेनंतर तिचा डावा हात पूर्वीसारखा उचलला जात नाही, म्हणून या वेळी ती पुढे आणि मी मागे. एक्केचाळिसाव्या वर्षी सुकाणू माझ्या हातात आलं!

१८ एप्रिल

आखणी करणं म्हणजे माझा जीव की प्राण. मारिट म्हणते की तू मेल्यावर स्वर्गाच्या दारातसुद्धा आधी नकाशा मागशील.

परवाना आला. तंबू उन्हात पसरून भोकं शोधली. पाव चेंगरतो म्हणून तोर्तियाच्या पातळ पोळ्या घ्यायच्या, वाळवलेले बीन्स, चीज, शेंगदाण्याचं लोणी, आणि मारिटच्या हट्टापायी पॅनकेकचं पीठ. नदीकाठी काहीही सोडायचं नाही असा नियम आहे, आणि काहीही म्हणजे काहीही. शेकोटीची राखसुद्धा परत आणायची. शौचाला बंदुकीच्या गोळ्यांचा जुना लोखंडी डबा न्यायचा आणि तोही भरलेला परत आणायचा. रुलॉन म्हणाला की बाकी काही विसरलीस तरी चालेल, पण हा डबा नीट बांध, उलटला तर नदीतले मासे गाव सोडून जातील.

खरी डोकेदुखी पाण्याची. सगळं इथूनच न्यायचं तर होडी काठोकाठ बुडते. म्हणून अर्धं न्यायचं आणि अर्धं नदीचं करून प्यायचं. बादलीत पाणी भरायचं, तुरटी फिरवायची, गाळ खाली बसला की वरचं पाणी गाळून उकळायचं. ड्रू म्हणाली की हे आधी घरी करून बघ, वाळवंटात शिकायला बसू नकोस. मला कुणी काही करून बघ म्हटलं की मला चैनच पडत नाही.

२१ एप्रिल

मारिटला दुकानातून फोन केला. इथे मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ. ती आता रोज टेकडी चढते म्हणे, आणि केस कुरळे आलेत, मेंढीसारखे. मला म्हणाली की तू मागे बसणार खरी, पण पाण्यात पहिला खडक दिसला की मला विचारशील. मी म्हटलं की पुढच्याने मान वळवायची नाही, होडी कलंडते, हा तुझाच नियम आहे, तेव्हा गप पुढे बघत बसायचं. दोघी इतक्या हसलो की ड्रूने बिल कोण भरणार म्हणून विचारलं.

फोन ठेवल्यावर मात्र सामानाची यादी काढून परत पहिल्यापासून तपासली. तिला सुखरूप नेऊन सुखरूप आणायचंय. बाकी मला या जगात काही नको.

२४ एप्रिल

आज रंगीत तालीम! गावापासून खालच्या धक्क्यापर्यंत एकटीने होडी नेली.

दोघांची होडी एकटीने चालवली तर पुढचं टोक उचललं जातं आणि वारा तिला गरागरा फिरवतो. म्हणून पुढच्या बैठकीवर भार ठेवतात. ड्रूने दोन मोठे कॅन दिले आणि म्हणाली की नदीतच भरून घे, आणि होडी काठाला लागायच्या आत ओतून टाक. ओतून टाक, हे तिने दोनदा सांगितलं. मी मान डोलावली. इथे जागोजागी पाट्याच आहेत, परके शिंपले एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात पसरू नयेत म्हणून होडीतलं पाणी काढा. तोच नियम असणार.

कॅन भरले, पुढच्या बैठकीवर पट्ट्याने बांधले. मग मला लहर आली. मारिटसाठी आणलेलं नारिंगी लाइफ जॅकेट त्यांना घातलं आणि वर तिची टोपी ठेवली. मागून अगदी बाई दिसत होती. मी तिचं बारसंच करून टाकलं. मारिट! दिवसभर तिच्याशी गप्पा मारल्या. मारिट, डावीकडे बगळा बघ. मारिट, आळशी कुठली, जरा हात चालव. आणि चाळीस वर्षांचं उट्टं काढलं, मोठ्याने ओरडले की चल, इंजिन! दोन्हीकडच्या कड्यांवरून प्रतिध्वनी आला. काय सांगू, इतकी मजा कित्येक वर्षांत केली नव्हती.

खालच्या धक्क्यावर रुलॉन ट्रेलर घेऊन उभा होता. पाणी मी ओतलं नाही. तुरटीचा प्रयोग करायचाच होता, आयतं भरलेलं पाणी कोण सोडतं? माझं स्वयंपाकघर म्हणजे काही तळं नव्हे, तिथे शिंपले कुठे पसरायला जाणार. कॅनवर ताडपत्री टाकली आणि घरी घेऊन आले.

२६ एप्रिल

प्रयोग फत्ते! एका कॅनचं पाणी बादलीत ओतून तुरटी फिरवली. काल सकाळी तळाला चार बोटं गाळ आणि वर काचेसारखं पाणी. गाळलं, उकळलं, गार केलं आणि दोन ग्लास प्याले. चव थोडी मातीची, थोडी गोडसर. वाईट नाही. मग आणखी एक ग्लास प्याले. काल अन् आज मिळून तो कॅन जवळजवळ संपवला, इतकी तहान लागतेय. उन्हाची सवय नाही ना.

दुसरा कॅन ओट्याखाली तसाच आहे.

जाता जाता एक गंमत. आमची होडी दुकानामागे दोन लाकडी घोड्यांवर पालथी ठेवलेली असते. सकाळी पुढचा घोडा मोडून पडला होता. ड्रू म्हणाली की वाळवीने खाल्ला असेल. मी पाहिलं, लाकूड चांगलं ठणठणीत होतं.

३० एप्रिल

काहीतरी चुकतंय आणि मला ते धड सांगता येत नाही.

दुपारी होडी धक्क्यालगतच्या संथ पाण्यात घातली. मारिट बसल्यावर सामान कुठे कुठे लावायचं ते बघायचं होतं. मी मागे बसले. पुढे काही नव्हतं, ना कॅन, ना पिशवी. अशा वेळी पुढचं टोक वर जायला हवं. ते खाली गेलं. धप्प करून, कुणी काठावरून उतरून बसावं तसं. मी मागे सरकले, अजून मागे सरकले, जवळजवळ बाहेर लटकले, तरी पुढचं टोक पाण्याला टेकलेलंच.

रुलॉन धक्क्यावर सँडविच खात होता. त्याने ओरडून सांगितलं की जरा कमी खात जा. मग त्याच्या लक्षात आलं की मी मागे बसलेय. त्याने सँडविच कागदात गुंडाळलं. अगदी हळू आवाजात विचारलं की त्या दिवशी भाराचं पाणी ओतलं होतंस ना. मी म्हटलं की त्याचं काय. तो तडक ड्रूला बोलवायला गेला. रुलॉन, आणि एकही विनोद न करता!

१ मे

ड्रूने समोर बसवून सगळं सांगितलं. सांगताना एकदाही हसली नाही.

प्यायचं पाणी नदी देते, त्याचा हिशेब नाही. पण जे पाणी माणसाच्या जागी बसवलं, ते उसनं. ज्याचं त्याला, होडी काठाला लागायच्या आत. मी विचारलं की नाहीतर काय होतं. ती म्हणाली की या नदीत बुडालेले किती आणि सापडलेले किती ते मोजत बसायला तिला वेळ नाही. पण ज्यांना कुणी घरी नेलं नाही, त्यांना भरलेली बैठक दिसली की त्यात बसावंसं वाटतं. पाण्यापुरते बसतात. पाणी ओतलं की उतरतात.

मग तिने विचारलं की नाव दिलं होतंस का. मला वाटलं होतं की हे तिला सांगताना हसू येईल. नाव ऐकल्यावर तिने टेबलाची कड धरली. पूर्वी एका गिऱ्हाइकाने गंमत म्हणून भाराला आपल्या कुत्र्याचं नाव दिलं आणि पाणी तसंच गाडीत घालून नेलं. कुत्रा घरी, नदीपासून लांब. तीन दिवस त्याने घरातलं मिळेल ते पाणी पिऊन संपवलं, मग दोर तोडून पळाला आणि याच धक्क्यावर येऊन सरळ पाण्यात चालत गेला. रुलॉनने हाका मारल्या, त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. एका नावाचे दोघं काठावर राहत नाहीत, असं ड्रू म्हणाली. एकाला जावं लागतं, आणि जो आधी नदीतून आलाय तो परत जायला तयार नसतो.

मी धावत जाऊन ओट्याखालचा कॅन नदीत ओतला. गाळाची बादलीसुद्धा ओतली. ड्रूने विचारलं की सगळं ओतलंस ना. मी सांगितलं की एक कॅन मी प्यालेय.

तिने दुकानाचा फोन माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली की आधी बहिणीला फोन कर आणि येऊ नकोस म्हणून सांग.

२ मे

केला फोन. आधी थापा मारल्या, पाणी कमी आहे, परवाना लांबलाय. तिने एकही ऐकून घेतली नाही. शेवटी खरं सांगितलं. ती पोट धरून हसली आणि म्हणाली की त्या बयेला म्हणावं, जरा सरक, जागेची खरी मालकीण येतेय. मी रडायला लागले तेव्हा तिचा आवाज बदलला. वर्षभर प्रत्येक जण मला आत्ता नको, पुढच्या वर्षी जा असंच सांगत आलाय, म्हणाली, माझ्याकडे पुढचं वर्ष आहे की नाही ते कुणी सांगत नाही. तू तरी तसं म्हणणार नाहीस असं वाटलं होतं.

फोन तिनेच ठेवला.

तिचं नारिंगी जॅकेट खिडकीबाहेर खिळ्याला टांगलंय. सकाळी हात लावला तर गच्च ओलं. इथे! जिथे टॉवेल पिळेपर्यंत वाळतो. दिवसभर कडक उन्हात होतं. संध्याकाळीही थेंब थेंब गळत होतं.

४ मे

होड्या धुताना पाहिलं. भर दुपार होती, डोळ्यांवर ऊन, तरी नीट पाहिलं. आमची होडी आता घोड्यांवर सरळ ठेवलीय. पुढच्या बैठकीवर कुणीतरी बसलंय. पाठमोरं. खांदे, मान, मानेवर चिकटलेले ओले केस. वळत नाही. मी बाजूने फिरून समोर गेले, तर समोरून होडी रिकामी. परत मागे आले, तर पाठ.

सरळ केसांचे झुबके. मारिटचे आता कुरळे आहेत, हे होडीतल्या हिला ठाऊक नाही. मी सांगितलं नव्हतं ना.

तहान थांबत नाही. नळाचं पाणी पिते, पोट फुगतं, घसा कोरडाच.

६ मे

मारिट निघाली. ठरल्यापेक्षा आधीच. तिच्या घरी फोन केला तर शेजारणीने उचलला, म्हणाली की काल पहाटेच गेली, खुशीत होती, गाडीत गाणं लावलं होतं.

दुपारी नेब्रास्कातून तिचा दुकानात फोन आला. मी तेव्हा नदीवर होते. ड्रूने निरोप सांगितला. रागावलेली नाही, इंगाला सांगा की मी येतेय आणि पुढे बसून एक शब्द बोलणार नाही. आणि सहज म्हणून सांगत होती की ऊन आहे म्हणून की काय, वाटभर इतकी तहान लागतेय की प्रत्येक पंपावर थांबून पाणी घेतेय.

मी लगेच तिचा मोबाइल लावून पाहिला, उचलत नाही.

कुत्र्यानेसुद्धा—

७ मे

झोप नाही. बसवत नाही, उभं राहवत नाही. सामान बांधते, सोडते, परत बांधते. ड्रूला म्हटलं की उपाय सांग. तिने तीनदा टाळलं. मग म्हणाली की नाव तू दिलंस, नाव तूच परत घे. होडी मधल्या धारेला ने. जॅकेट पाण्याला दे. मोठ्याने सांग की हे नाव तुझं नव्हतं. आणि ती उतरली की नाही ते होडीच सांगेल, पुढचं टोक वर येईल.

मी विचारलं की माझ्या पोटात गेलेलं पाणी, त्याचं काय.

ती उठून चहा करायला गेली. ड्रू चहा पीत नाही. तिच्या घरात चहा नसतोच.

८ मे

मारिट वाटेत थांबत थांबत येतेय, उद्या पोचेल. उद्या सकाळीच जाते, ती यायच्या आत. ड्रू दुकानापाशी थांबून तिला अडवेल, दोरीने बांधावं लागलं तरी बांधेन म्हणाली. रुलॉन खालच्या धक्क्यावर असेल. त्याने माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले. मग परत एकदा ओढून पाहिले.

भीती वाटतेय. लिहून टाकते, मला फार भीती वाटतेय. पण मारिटला काही झालं तर—

नाही. उद्या.

९ मे, सकाळ

निघाले. मी मागे, पुढे नुसतं जॅकेट. पुढचं टोक खाली. पाठ दिसतेय. वळत नाही. बोलायचं नाही ठरवलंय, नाव तोंडातून जायला नको. कडे सुरू झाले. वारा नाही.

९ मे, मधली धार

टाकलं जॅकेट. सांगितलं, ओरडून सांगितलं, हे नाव तुझं नव्हतं, हे माझ्या बहिणीचं आहे. जॅकेट तरंगलं नाही. दगडासारखं सरळ खाली गेलं.

आणि पुढचं टोक वर आलं! हळूच, पण आलं. बैठक रिकामी, पाठ नाही, केस नाहीत. मी ढसाढसा रडले. वही काढून आधी हेच लिहितेय. मारिट, वाचलीस गं! आता पॅनकेक, आता तू म्हणशील तितके—

९ मे

हे नीट लिहायला हवं. घाई करायची नाही.

पेन्सिल पडली म्हणून वाकले. मान वर केली तर समोर होडीचं टोक. अगदी हाताच्या अंतरावर, दगडाला घासून पडलेल्या चऱ्यासकट. तो चरा मागून दिसत नाही.

मी पुढच्या बैठकीवर आहे.

मी उठले नाही. सरकले नाही. वल्हं गुडघ्यांवर आहे, कोरडं. आणि होडी सरळ चाललीय. वळणावर हलकेच वळते. कुणीतरी फार चांगली वळवतंय. मागे पाणी ठिबकतंय. वल्हं उचललं की ठिबकतं तसं. थांबतं. परत ठिबकतं.

म्हणून टोक वर आलं. ती उतरली नाही. मागे गेली.

वळून बघायला हवं. पुढच्याने मान वळवायची नाही, होडी कलंडते. लहानपणापासून एवढं एकच तर शिकलेय. अर्धी वळले तर होडी एकदम कलली, आणि मागून गार हात खांद्यावर आला. सरळ बस, म्हणून बसतो तसा.

९ मे

कडे उलट जातायत. सकाळी उजवीकडे पाहिलेला फुटका खडक आता डावीकडे. आम्ही प्रवाहाच्या विरुद्ध चाललोय. मी वल्हं मारत नाही, हात रिकामे आहेत म्हणून तर लिहितेय. झाडाची फांदी वाहत आली, आमच्याशेजारून खाली गेली. आम्ही वर. गावाकडे.

वल्हं पाण्यात रोवून पाहिलं. ओढून पाहिलं. हातातून सुटलं.

मागून आवाज आला. कड्यांवरून परत येतो तसा, पोकळ. माझाच आवाज होता. त्या दिवशीचा.

चल, इंजिन.

९ मे

गावाचा धक्का दिसतोय. मारिटची निळी गाडी. दार उघडं. ड्रू कुठे आहे? ड्रू नाही, ती तिकडे दुकानापाशी वाट बघत असणार—

मारिट उभी आहे. कुरळे केस. हात हलवतेय. ओरडून विचारतेय की मागे कोण बसलंय.

मागून कुणीतरी तिला हात केला असणार. ती हसतेय.

ती बूट काढतेय.

ओरडले, घशातून आवाज नाही, नुसतं पाणी. होडी सरळ तिच्याकडे. काठाला लागायच्या आत ओतायचं. काठाला लागायच्या आत. मी प्यालेलं मीच—

माझ्या जॅकेटचे पट्टे सोडले. होडी कलंडवायला मला येते. नुसती मान वळवायची.

वही ताडपत्रीच्या पिशवीत घालून आधी तुझ्याकडे फेकतेय. तुला कुठलाही लिहिलेला कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. बस तिथेच, वाळूवर. पहिल्या पानापासून वाच. पाण्याकडे बघू नकोस. कितीही तहान लागली तरी इथलं घोटभरसुद्धा नको. मी बोलावलं असं वाटलं तरी मान वर करू नकोस, वाचत राहा. आवाज माझ्यासारखाच येईल, पण तुला कुणी इंजिन म्हणून हाक मारली तर ती मी नव्हे, मारिट, मी तुला कधी इंजिन म्हटलंय का, इंजिन मी आहे, मी—